मधला स्पीकर विचाराधीन

झाशीतल्या दक्षिणी समाजाच्या सभागृहात आवाजाची यंत्रं दोन होती आणि सभागृह एक. एवढीच बाब. विजेचं काम करणाऱ्या कुठल्याही माणसाने ती चहा निवायच्या आत मिटवली असती. पण समाजाला कार्यकारिणी होती, कार्यकारिणीला कार्यवृत्त लिहिण्याची सवय होती, आणि सभासदांत दोन गट होते. ही तिन्ही जिथे जमतात तिथे चहा निवतो, बाब मात्र मिटत नाही.

पहिला गट जुन्यांचा. पेशवाईत कोणाचा पूर्वज इथे दफ्तर सांभाळायला आला, कोणाचा पूजाअर्चा करायला. अडीचशे वर्षं झाली. ही मंडळी ‘हम तो यहीं के हैं’ हे हिंदीत सांगतात आणि ‘आम्ही मूळचे कोकणातले’ हे मराठीत. दुसरा गट कारखान्यावाल्यांचा. शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात नोकरीला म्हणून महाराष्ट्रातून आले, वसाहतीत राहिले, निवृत्त झाल्यावर इथेच घरं बांधून बसले. त्यांना येऊन पन्नास वर्षं व्हायला आली, म्हणून जुने त्यांना ‘नवी मंडळी’ म्हणतात. दोन्ही गट गणपतीच्या आरतीला एकत्र उभे राहतात आणि प्रसादाच्या रांगेत वेगळे होतात.

जुन्यांचं यंत्र म्हणजे स्टिरिओ. एक ॲम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि देवघराएवढे दोन लाकडी स्पीकर. मुळात तो दत्तात्रेयांचा. दत्तात्रेय हे रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. ओरछा गेटजवळच्या गल्लीत दोन खोल्या, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी इंदूरला. भिंतीपलीकडे शेजाऱ्याची शिलाई मशीन दिवसभर चालायची, त्यात गाणं ऐकणार काय. म्हणून त्यांनी स्टिरिओ समाजाला देऊन टाकला, एका अटीवर: दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात तो वाजला पाहिजे. समोर दोन स्पीकर आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसलं की तबला डावीकडून यायचा, पेटी उजवीकडून, आणि गाणारा अगदी समोर, हात लांबवला तर लागेल असा. बाकीचे सात-आठ जण सतरंजीवर. खुर्चीत दर गुरुवारी एकेकाची पाळी. दत्तात्रेयांना आठवड्यात हे दोन तास हवे असत. उरलेले तास ते गोळ्या घेण्यात आणि वीज येण्याची वाट बघण्यात काढत.

नव्या मंडळींचं यंत्र म्हणजे होम थिएटर. ते अर्पण केलं सुभाषचंद्रांनी. कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची हयात गेली होती आणि अजूनही ते पोहे खाण्यापूर्वी बशी उलटी करून बघत. भला मोठा टीव्ही, रिसीव्हर नावाचा एक काळा डबा, दोन पुढचे स्पीकर, दोन मागचे, एक मधला, आणि जमिनीवर ठेवायचा एक ठोकळा, जो वाजला की समाजाच्या खिडक्यांची तावदानं हलत. रविवारी त्यावर सिनेमा लागे.

आता टीव्हीची जागा आणि लाकडी स्पीकरांची जागा एकच. गुरुवारी टीव्ही हलवायचा, रविवारी स्पीकर. असं चाललं असतं, पण एका रविवारी एका स्पीकरचा कोपरा टवकला आणि पुढच्याच गुरुवारी टीव्हीवर ओरखडा उठला. दोन्ही गटांनी लेखी तक्रारी दिल्या. तेव्हा समाजाच्या सचिव सुहासिनीताई म्हणाल्या की दोन्ही जोडून एकच का करत नाही?

सिपरी बाजारातल्या बृजकिशोर मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोन्ही यंत्रांच्या मागे डोकावून पाहिलं आणि हात झटकले.

“आधे घंटा को काम है बाबूजी. लकड़ी वारे दोई स्पीकर आगे लगा दो, डेक को तार डिब्बा में. जा बटन दबाओ तो दो बजें, जा दबाओ तो सब.”

म्हणजे बघा, सिनेमाला सगळे आणि गाण्याला दोनच, मध्ये फक्त एक बटण. दत्तात्रेयांचा जीव भांड्यात पडला. पण समाजाचे अध्यक्ष जनार्दनजी यांनी घसा साफ केला. जनार्दनजींचा घसा साफ झाला की पुढचा महिना वाया जातो, हे समाजात सगळ्यांना माहीत आहे.

“बटण ठीक आहे,” ते म्हणाले, “पण ते दाबायचं कोणी?”

त्यावर ध्वनी एकत्रीकरण समिती नेमण्यात आली आणि तिचं काम पुरं होईपर्यंत दोन्ही यंत्रं बंद ठेवायचं ठरलं. जुन्यांतर्फे जनार्दनजी, नव्यांतर्फे सुभाषचंद्र, कार्यवृत्त लिहायला सुहासिनीताई आणि निमंत्रक म्हणून दत्तात्रेय. स्टिरिओ त्यांचा, म्हणून हा मान त्यांना दिला असं सांगण्यात आलं. खरं कारण असं की अडतीस वर्षांच्या नोकरीत दत्तात्रेयांनी एकही कागद सहीशिवाय पुढे जाऊ दिला नव्हता आणि वरून आलेल्या एकाही सहीवर हरकत घेतली नव्हती. असा माणूस मिळाला तर कोणती समिती सोडेल?

समितीची पहिली बैठक व्हायची होती त्याच सकाळी बरुआसागरहून यमुनाबाईंचा फोन आला. यमुनाबाई ही दत्तात्रेयांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. तळ्याकाठच्या त्या गावात लग्न होऊन गेली ती तिथलीच झाली.

“दत्तू, पोरगा नागपूरला न्यायचं म्हणतोय. घर काढलंय विकायला. पुढल्या महिन्यात दुसऱ्या शुक्रवारची तिकिटं आलीत.”

“बरं होईल जिज्जी. तिथे डॉक्टर जवळ असतात.”

“डॉक्टर जवळ नसले म्हणून इथे कोणाचं अडलंय. बरं, एक कर. माझी ती कॅसेट आहे ना तुझ्याकडे, गणपतीतली? जायच्या आधी एकदा ऐकव. तुझ्या त्या खुर्चीत बसून ऐकते. मग नेऊ देत कुठे न्यायचं ते.”

ही कॅसेट अठ्ठ्याहत्तर सालची. त्या वर्षी गणेशोत्सवात यमुनाबाई याच सभागृहात गायल्या होत्या, भीमपलासातलं एक पद, अठरा मिनिटं. सासरच्यांना ते रुचलं नाही. सून चारचौघांत बसून गाते म्हणजे काय. त्यानंतर यमुनाबाई गायल्या त्या स्वयंपाकघरात, आणि तेही कल्हईवाला दारात बसून ठोकत असेल तेव्हा. त्या कधी गात होत्या याचा जगात पुरावा म्हणून एवढी एकच फीत उरली होती. आणि गंमत अशी की ती भरली होती सुभाषचंद्रांनी. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, नोकरीला लागून वर्षच झालं होतं, आणि जुने-नवे हा भेद त्यांना अजून कोणी शिकवला नव्हता. स्वतःचा रेकॉर्डर घेऊन आले, एक माइक तबल्याकडे लावला, एक पेटीकडे, आणि यमुनाबाईंना म्हणाले, “ताई, तुम्ही मध्ये बसा, म्हणजे आवाज नीट मधोमध येईल.”

कॅसेट वाजवणारं दुसरं यंत्र दत्तात्रेयांच्या माहितीत एकच होतं, बृजकिशोरच्या दुकानातलं, आणि ते फीत खाऊन टाकायचं. म्हणून जे काही व्हायचं ते समाजाच्या डेकवर आणि त्या शुक्रवारच्या आधीच्या गुरुवारपर्यंत. चार आठवडे हातात होते. अर्ध्या तासाचं काम. दत्तात्रेय निश्चिंत मनाने बैठकीला गेले.

पहिल्या बैठकीत सुभाषचंद्रांनी मुद्दा मांडला की गुरुवारी फक्त दोन लाकडी स्पीकर वाजले तर नव्या मंडळींचे स्पीकर दोन तास गप्प बसणार. “आम्ही काय शोभेला दिलेत?” त्यांनी विचारलं. मुद्दा रास्त होता. ठराव झाला: सर्व स्पीकर सर्व दिवशी वाजतील. फक्त दोन वाजवणाऱ्या बटणावर गोंदाने कागदाची पट्टी चिकटवून तीवर जनार्दनजी, सुभाषचंद्र आणि निमंत्रक यांच्या सह्या घ्याव्यात. दत्तात्रेयांनी सही केली. सही करताना त्यांच्या मनात आलं की अरेच्चा, हेच तर बटण. पण ठराव एकमताने झाला होता आणि त्या एकमतात त्यांचंही मत मोजलं गेलं होतं.

दुसऱ्या बैठकीत मागच्या स्पीकरांचा विषय निघाला. लाकडी पुढे म्हणजे जुने पुढे. मग नव्यांनी काय मागे लागायचं? जनार्दनजींनी समजावून सांगितलं की हे स्पीकर मागे लावण्यासाठीच बनवलेले आहेत. त्यावर सुभाषचंद्र म्हणाले, “जनार्दनजी, पन्नास वर्षं आम्हाला हेच ऐकवताय.”  शेवटी तोडगा निघाला. स्पीकर जिथे आहेत तिथेच राहतील, पण निम्म्या खुर्च्या पूर्वेकडे तोंड करून मांडाव्यात आणि निम्म्या पश्चिमेकडे. म्हणजे प्रत्येक गटाला आपापले स्पीकर पुढे. पश्चिमेकडच्यांना टीव्ही दिसावा म्हणून लग्नसमारंभातला नवरीचा मोठा आरसा भिंतीला लावला. त्यात पोलिसांच्या गाड्या रस्त्याच्या चुकीच्या बाजूने जात, पण त्याची झाशीत कोणालाच सवय नव्हती असं नाही.

खुर्च्या अशा पाठीला पाठ लावून मांडल्यावर मधोमधची वेताची खुर्ची आड येऊ लागली. शिवाय एकच खुर्ची मध्ये म्हणजे एकाच माणसाला विशेष वागणूक. ती भांडारात ठेवण्यात आली. “तात्पुरती,” सुहासिनीताई म्हणाल्या आणि कार्यवृत्तात ‘तात्पुरती’ या शब्दाखाली रेघ मारली.

दत्तात्रेयांनी घाबरत विचारलं, “बहीण येणार आहे माझी गुरुवारी. तेवढ्यापुरती खुर्ची मिळाली तर?”

“अर्ज द्या ना,” जनार्दनजी मायेने म्हणाले. “आपल्याच माणसांनी नियम मोडले तर कसं चालेल, दत्तात्रेयजी?”

दत्तात्रेयांनी अर्ज दिला. तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आठव्या क्रमांकाला आला.

पुढची बैठक तिसऱ्या विषयावरच अडली. तिसरा विषय मधला स्पीकर. हा लांबोडका, बुटका स्पीकर दोन लाकडी स्पीकरांच्या मध्ये, टीव्हीखाली ठेवायचा. सिनेमातलं सगळं बोलणं त्यातून येतं, गाण्यातला गळाही. बाकीचे स्पीकर वाऱ्या-पावसाचे, वाद्यांचे. बोलणारा हा एकटाच. हे कळल्याबरोबर जनार्दनजी सावध झाले. समाजात मधून बोलायचं ते अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष आजवर जुन्यांतलाच होत आला होता. त्यांचं म्हणणं पडलं की मधल्या जागी लाकडीच स्पीकर हवा. सुभाषचंद्रांचं म्हणणं पडलं की मधला स्पीकर आम्ही दिलाय, आमचाच बोलेल. दोन बैठका यातच गेल्या. एका बैठकीत आवाज इतके चढले की शेजारच्या हलवायाने कढई उतरवून ठेवली आणि दारात येऊन उभा राहिला.

अखेर सुहासिनीताईंनी चष्मा काढून पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “वाद वाढवण्यात काय अर्थ आहे? निकाल लागेपर्यंत मधला स्पीकर तूर्त बंद ठेवू. ना यांचा, ना त्यांचा. इतके बाकीचे आहेत, वाजतील की तेवढे.”

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. किती सोपं होतं. कोणाचा अपमान नाही, कोणाची हार नाही. दत्तात्रेयांनाही हायसं वाटलं, कारण एकत्रित यंत्राच्या उद्घाटनाची तारीख त्या दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या दिवसाची, गुरुवारचीच ठरली आणि पहिली वाजवायची फीत म्हणून यमुनाबाईंची कॅसेट एकमताने मंजूर झाली. जुन्या घरातली बाई गाणारी, नव्या मंडळींतला माणूस भरणारा. एकोप्याचं याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? सुभाषचंद्र तर गहिवरले. खुर्चीचा अर्ज वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

बृजकिशोर मधल्या स्पीकरची तार काढायला आला. तार काढली आणि म्हणाला की आता डब्याला सांगून ठेवतो की मधला स्पीकर नाही, म्हणजे तो गळ्याचा आवाज दोन्ही बाजूंना वाटून देईल.

“थांब,” जनार्दनजी म्हणाले. “मधला स्पीकर नाही, असं यंत्रात नोंदवायचं? म्हणजे आमचा हक्क गेला.”

“आमचाही गेला,” सुभाषचंद्र म्हणाले. चार आठवड्यांत प्रथमच दोघं एका बाजूने बोलत होते. “नोंद ‘आहे’ अशीच राहील. पद मंजूर, जागा रिक्त.”

बृजकिशोर आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला.

“काय बाबूजी, तार निकार दओ, और मसीन से कह रए कि लगो है? मसीन तो पूरो गाबो ओई में भेजहे. गाबे वारी की आवाज किते से आहे?”

म्हणजे, मधला स्पीकर आहे असं यंत्राला सांगितलंत तर ते गाणारीचा आवाज तिकडेच पाठवणार, आणि तिकडे तर तारच नाही. साधी गोष्ट. रिक्षावाल्यालाही कळली असती. समितीलाही कळली. पण बृजकिशोर समितीचा सदस्य नव्हता. सुहासिनीताईंनी लिहिलं: ‘तांत्रिक मत नोंदवून घेण्यात आले.’ जे नोंदवून घेतलं त्यावर मग कोणी काही करायचं नसतं, हे कचेरीत आयुष्य काढलेल्याला सांगावं लागत नाही.  दत्तात्रेयांनी तोंड उघडलं, आणि समोर कार्यवृत्त आलं म्हणून मिटलं आणि सही केली.

घरी येऊन ते अस्वस्थपणे फेऱ्या मारत राहिले. जिज्जीला फोन करून ‘येऊ नकोस’ म्हणावं का? पण ती तर शुक्रवारी जाणार. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली की बृजकिशोर काही इंजिनिअर नाही, आणि सुभाषचंद्र आहेत.

गुरुवार उजाडला. यमुनाबाई दुपारच्या बसने आल्या. अंगावर ठेवणीतलं चंदेरी, डोक्याला तेल, हातात भावासाठी बेसनाच्या लाडवांचा डबा. पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या. “अमळ धर रे,” म्हणाल्या. आत आल्यावर त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. निम्मी माणसं एकीकडे तोंड करून बसलेली, निम्मी दुसरीकडे.

“भांडण झालंय का?”

“नाही जिज्जी, व्यवस्था आहे.”

“आणि खुर्ची कुठाय?”

“अर्ज विचाराधीन आहे,” दत्तात्रेय म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडून हे वाक्य ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बहिणीला पूर्वेकडच्या पहिल्या रांगेत कडेला बसवलं. एक लाकडी स्पीकर तिच्या कानाशी, दुसरा पार पलीकडे.

दारात एक नोंदवही ठेवली होती. रकाने चार: नाव, गट, ‘ऐकले’ आणि अभिप्राय. कार्यक्रम संपल्यावर गर्दी होते म्हणून सह्या आधीच घेण्यात येत होत्या, आणि लोकांचा वेळ वाचावा म्हणून अभिप्राय आधीच छापून घेतला होता: ‘स्वर सुस्पष्ट. ऐकून मन भरून आले.’ यमुनाबाईंनीही सही केली. “वाचता येत नाही रे मला एवढं बारीक,” त्या म्हणाल्या. “काय लिहिलंय?” दत्तात्रेयांनी सांगितलं की छानच लिहिलंय.

नारळ फुटला. जनार्दनजी पंचवीस मिनिटं बोलले. सुभाषचंद्र सत्तावीस मिनिटं बोलले, कारण जनार्दनजी पंचवीस बोलले होते. मग यंत्र सुरू करायची वेळ आली. रिसीव्हरचा रिमोट जुन्यांच्या ताब्यात होता आणि रिमोटचे सेल नव्यांच्या. दोन्ही प्रतिनिधींनी एकाच वेळी पुढे येऊन, फोटोसाठी थांबून, सेल रिमोटमध्ये घातले. ते उलटे पडले. पुन्हा घातले. दत्तात्रेयांनी कॅसेट डेकमध्ये ठेवली आणि बटण दाबलं.

तबला आला. काय सुंदर आला. डावीकडून, ओल्या कातड्याचा वासही यावा असा. उजवीकडून पेटी. मागच्या स्पीकरांतून अठ्ठ्याहत्तर सालच्या कोणाचा तरी खोकला, कोणाच्या तरी लहानग्याची कुरबुर. जमिनीवरचा ठोकळा उगाचच घुमला. पेटीने सुरुवातीची ओळ वाजवून दाखवली, तबला समेवर येऊन थांबला आणि जागा करून दिली.

त्या जागेत कोणी आलं नाही.

तबला पुढे गेला, पेटी पुढे गेली. मध्ये गाणं चाललंय हे त्या दोघांच्या वागण्यावरून कळत होतं, म्हणजे पेटी मागोमाग जात होती, तबला थांबून वाट बघत होता. पण ज्या बाईच्या मागोमाग पेटी जात होती ती बाईच नव्हती. फार कान लावला तर विहिरीच्या तळाशी कोणी गुणगुणतंय एवढं यायचं आणि जायचं.

समाजाच्या सभागृहात बासष्ट माणसं होती. बासष्टही माणसांना ऐकू आलं की गाणं नाही. आणि बासष्टही माणसांनी माना डोलावल्या, कारण पुढच्याची मान डोलत होती. पूर्वेकडच्यांची पश्चिमेकडच्यांना दिसत नव्हती, तरी आरशात दिसली. मध्येच फितीतली अठ्ठ्याहत्तर सालची माणसं ‘वा’ म्हणाली. त्यांनी खरंच काहीतरी ऐकलं होतं. त्यांचं ऐकून ही माणसंही ‘वा’ म्हणाली.

दत्तात्रेय यंत्राशेजारी उभे होते. बटण त्यांच्या हातापासून वीतभर दूर होतं. त्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर तीन सह्या, तिसरी त्यांची स्वतःची. ती पट्टी ओढली असती की संपलं. दोन स्पीकर, आणि मधोमध त्यांची बहीण, छत्तीस वर्षांची, गात. त्यांनी हात पुढे केला.

“दत्तात्रेयजी,” सुहासिनीताई हळूच म्हणाल्या, “सील आहे.”

त्यांनी हात मागे घेतला. त्यांना स्वतःची शिसारी आली, पण हात मागेच राहिला. अडतीस वर्षांची सवय होती त्या हाताला.

अठरा मिनिटं झाली. फितीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मागच्या दोन स्पीकरांतून खणखणीत आल्या. त्यात समाजाच्या बासष्ट जणांच्या टाळ्या मिसळल्या. टाळ्या थांबल्यावर यमुनाबाईंनी भावाला जवळ बोलावलं.

“तबला झकास वाजवलाय रे. पेटी पण. आणि मी कुठे आहे?”

दत्तात्रेयांनी तिच्याजवळचा लाडवांचा डबा उचलून घेतला.

“मी गायले होते ना, दत्तू? का माझंच काही चुकतंय?”

सभेने या प्रश्नाची गंभीर दखल घेतली. सुभाषचंद्र म्हणाले की यंत्र निर्दोष आहे, तपासून घेतलंय. दोष असलाच तर मूळ फितीत, भरणाऱ्याने माइक नीट लावले नसतील. आपणच तो भरणारा, हे त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे. जनार्दनजी म्हणाले की वयोमानानुसार ऐकू कमी येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुहासिनीताईंनी लिहिलं: ‘श्रीमती यमुनाबाई यांच्या श्रवणशक्तीबद्दल सभा सहानुभूती व्यक्त करते.’ खाली निमंत्रकाची सही लागत होती. निमंत्रकांनी ती केली.

यमुनाबाईंनी पदर सारखा केला. “चल, बस चुकेल,” म्हणाल्या. बसमध्ये चढवून देताना दत्तात्रेयांनी कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत केली. “तिथे नेऊन काय करू? यात मी नाही.” दुसऱ्या दिवशी त्या नागपूरला गेल्या. पाच महिन्यांनी तिथूनच त्यांची बातमी आली. समाजाने शोकसभा घेतली, दोन मिनिटं शांतता पाळली. यंत्राला काहीच करावं लागलं नाही.

आता गुरुवारची हजेरी शंभर टक्के आहे. सह्या महिन्याच्या सुरुवातीलाच घेतल्या जातात, त्यामुळे कोणाला यावं लागत नाही. दत्तात्रेय पाच वाजता जाऊन कुलूप उघडतात, पाठीला पाठ लावलेल्या रिकाम्या खुर्च्या बघतात आणि सात वाजता कुलूप लावतात. वेताची खुर्ची भांडारात तात्पुरती आहे. एकत्रीकरणाचा अहवाल छापून झालाय, त्याला दोन्ही गटांच्या स्वतंत्र प्रस्तावना आहेत. बृजकिशोर एकदा आला होता, पट्टी अजून तिथेच बघून म्हणाला, “अबै लौ लगी है?” आणि निघून गेला. मधल्या स्पीकरसाठी उपसमिती बसली आहे.

आणि तुम्ही. तुम्ही मघाशी बऱ्याच ठिकाणी हसलात, ते ठीक. पण मधला स्पीकर निकाल लागेपर्यंत तूर्त बंद ठेवू, असं सुहासिनीताई म्हणाल्या तेव्हा तुम्हालाही वाटलं होतं की चला, बरं झालं, भांडण तरी मिटलं. गाणारीचा आवाज त्यातूनच येणार, हे त्याच्या आधीच सांगितलं होतं. हरकत घ्यायला दोन बैठका होत्या. तुम्ही घेतली नाहीत. उद्घाटनाची ती वही अजून समाजाच्या दारातच ठेवलेली आहे आणि यमुनाबाईंच्या खालची ओळ रिकामी आहे. नाव लिहा. अभिप्राय छापलेलाच आहे.